टप मध्येच का थांबतं? उघड्या गाड्यांच्या छपराची गोष्ट

(भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले काही ‘तर’ आणि ‘म्हणजे’ काढले आहेत, बरेचसे राहिले आहेत.)

आज एका बिघाडाचा इतिहास.

बिघाड असा. उघड्या टपाची गाडी आहे, जिला कन्व्हर्टिबल म्हणतात. टप कापडाचं आहे आणि बटणावर चालतं. आभाळ भरून आलं म्हणून तुम्ही बटण दाबता. मागून पंपाचा घूंऽऽ असा आवाज येतो, मागचं झाकण उघडतं, टप घडीतून जरासं उठतं, आणि थांबतं. पुन्हा बटण दाबता. काही नाही. गाडी ना उघडी ना बंद, झाकण आ वासून उभं, आणि पहिले थेंब सीटवर पडतायत.

गॅरेजमध्ये सांगतात, मोटर गेली. किंवा पंप गेला, आख्खा बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून माणूस गाडी विकायला काढतो. जुन्या कन्व्हर्टिबलच्या जाहिरातीत ‘टपाचं थोडं काम आहे’ हे वाक्य दिसलं की समजायचं, हीच गोष्ट. आता त्या पंपाकडे बघा. तो चालला, त्याने झाकण उचललं, टपही थोडं उचललं. मग तो अचानक कसा गेला?

माझं म्हणणं असं आहे की अशा वेळी बहुतेकदा टपाची ताकद संपलेली नसते. आपण नक्की कुठे आहोत हे त्याला कळेनासं झालेलं असतं. ताकद आणि माहिती हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिला जुना आहे, दुसरा त्या मानाने नवा. हा दुसरा बिघाड टपात शिरला कसा, ते आज बघू.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागेल. मुंबईत ज्यांनी व्हिक्टोरिया बघितल्या आहेत त्यांना मागच्या सीटवरचं ते घडी होणारं टप आठवत असेल. लोखंडी कमानी, त्यावर ताणलेलं आवरण, आणि बाजूला कोपरासारखा वाकणारा एक दांडा. दांडा सरळ केला की कमानी ताणल्या जातात आणि टप उभं राहतं, दांडा मोडला की टप मागे पडतं. मोटारींनी हे जसंच्या तसं उचललं. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या गाड्याच होत्या, त्यामुळे बहुतेक सगळ्या उघड्या. त्यात शौकाचा भाग नव्हता, बंद बॉडी बनवणं महाग होतं एवढंच.

हे चित्र फार झपाट्याने पालटलं. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जेमतेम दहा टक्के बंद छपराच्या होत्या. १९२७ पर्यंत ते प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं. आठ वर्षांत उघडी गाडी ही नेहमीची गाडी राहिली नाही, ती हौसेची गाडी झाली. आणि हौसेला पैसे मोजणाऱ्या माणसाला पावसात उतरून, बोटं चेमटवून घेत कमानी ओढायच्या नसतात. टपाला मोटर लावायची कल्पना इथून आली.

पण हाताने टप लावताना काय काय होतं, ते जरा नीट बघा. तुम्ही आधी मागे काही सामान अडकलंय का ते बघता. मग टप ओढता, ते कुठे अडतंय हे हाताला कळतं, कापड चिमटीत सापडलं तर तुम्ही थांबता. पुढच्या काचेच्या चौकटीवर टप नीट बसलं की मगच खटका लावता. या सगळ्यात ताकद लागते थोडी, पण नजर आणि स्पर्श सतत चालू असतात. मोटर फक्त ताकदीची जागा घेते. नजरेची जागा कोण घेणार, हा प्रश्न कित्येक वर्षं कुणी विचारलाच नाही, कारण तेव्हा विचारायची गरज नव्हती.

पहिला मोठा माणूस भेटतो तो पॅरिसमध्ये. जॉर्ज पोलँ हा पेशाने दंतवैद्य. फावल्या वेळात गाड्यांची रेखाचित्रं काढायचा. कापडाऐवजी आख्खं पत्र्याचं छप्पर मागे सरकवून डिकीत गिळून टाकायचं, ही त्याची कल्पना. त्याने पेटंट घेतलं, बॉडी बनवणारा मार्सेल पुर्तू आणि पेजोचा विक्रेता एमिल दार्लमा यांच्याबरोबर काम केलं, आणि १९३४ पासून ‘एक्लिप्स’ नावाने अशा गाड्या आल्या. पेजो ४०२ एक्लिप्स ही त्यातली सगळ्यात गाजलेली. पहिल्या गाड्यांत छप्पर विजेच्या मोटरने हलायचं. पुढे १९३६ पासूनच्या लांब गाड्यांत ते हाताने हलवायचं केलं. छप्पर मुळात तोलून बसवलेलं असल्याने हाताला फार जड जात नसे.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यांत्रिक छपराच्या इतिहासात पहिल्या दोन-तीन वर्षांतच कुणीतरी मोटर काढून टाकली, आणि गाडी त्यामुळे वाईट झाली नाही.

पोलँचा शेवट मात्र गाड्यांशी संबंधित नाही. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तो ब्रिटिशांच्या गुप्तहेर खात्यासाठी काम करू लागला. पकडला गेला. २१ मार्च १९४२ रोजी पॅरिसजवळ माँ-व्हालेरियाँ इथे त्याला गोळ्या घातल्या. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, याक केल्नर या बॉडी बनवणाऱ्या दुसऱ्या कारागिरालाही. आजच्या विषयाला हे सोडून आहे, मान्य. पण त्याचं नाव घ्यायचं आणि हे सांगायचं नाही, हे मला जमलं नाही.

आता अमेरिका. १९३९ ची प्लिमथ. सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल अशा गाडीत, कापडी टपाला यांत्रिक बळ देण्याचं श्रेय साधारणपणे हिला देतात. आणि गंमत म्हणजे यात विजेची मोटर नव्हती. पेट्रोल इंजिन चालताना हवा आत ओढतं, त्यामुळे त्याच्या आतल्या नळीत पोकळी तयार होते. त्या पोकळीला सिलिंडर जोडायचे आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने टप उचलायचं. फुकटची ताकद. पण फुकटच्या गोष्टीला मर्यादा असतेच. पोकळी कितीही चांगली असली तरी हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोच्या वर जात नाही, आणि इंजिन देतं ते त्याहूनही कमी. इंजिन झिजलं की पोकळी कमी, टप मंद. एखाद्या नळीला बारीक चीर गेली तरी तेच. या गाडीचं टप बंद होत नसेल तर कारण शोधायला टपाकडे जायचंच नाही, आधी इंजिनाकडे जायचं.

युद्धानंतर हायड्रॉलिक पद्धत आली आणि तीच रुळली. विजेच्या मोटरवर एक छोटा पंप, दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर, मध्ये ऑइल. मोटर एका दिशेने फिरली की ऑइल सिलिंडरच्या खालच्या बाजूला जातं आणि टप उठतं, उलटी फिरली की टप बसतं. इतकं सोपं. त्या काळात बऱ्याच गाड्यांत यासाठी चक्क ब्रेक ऑइल वापरायचे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडर आतून गंजायचे, आणि गळलं तर रंग खाऊन टाकायचं. पुढे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आलं तेव्हा हा त्रास कमी झाला.

ही पद्धत मला आवडते कारण ती प्रामाणिक आहे. बटण तुम्ही दाबून धरायचं. टप शेवटाला पोचलं की तुम्हीच सोडायचं. पुढचा खटका हातानेच लावायचा. घडी झाल्यावर वरचं आवरण हातानेच लावायचं. म्हणजे यंत्राकडे फक्त ताकद दिली होती, अक्कल माणसाकडेच होती. त्यामुळे बिघाड शोधणंही कानांचं काम होतं. बटण दाबल्यावर आवाजच नाही, तर फ्यूज, वायर, अर्थिंग बघा. आवाज येतोय पण टप हलत नाही, तर ऑइल कमी आहे किंवा गळतंय. एक बाजू पुढे, दुसरी मागे, तर एका सिलिंडरचं सील गेलंय किंवा सांगाडा वाकलाय. आवाज जड येतोय, कण्हल्यासारखा, तर कुठेतरी सांधा अडतोय, तेल द्या. एवढ्यावर सत्तर वर्षांपूर्वीची गाडी आजही घरच्या घरी दुरुस्त करता येते.

थोडं थांबून १९५१ ची एक गाडी सांगतो. जनरल मोटर्सचा डिझायनर हार्ली अर्ल याने ‘ल साब्र’ नावाची प्रदर्शनासाठीची गाडी बनवली. तिच्यात ओलावा ओळखणारा सेन्सर होता. पावसाचा थेंब पडला की टप आपोआप वर. मालक जवळ नसला तरी. तेव्हाच्या लोकांना हे जादूसारखं वाटलं असणार. मी मात्र नोकरीच्या सवयीने लगेच विचारतो, टपाच्या आड कुणाचं बोट असेल तर? मागे सामान ठेवलं असेल तर? पाऊस पडतोय हे कळणं सोपं आहे. बाकी सगळं ठीक आहे हे कळणं अवघड आहे. ल साब्र एकच गाडी होती आणि तिच्याभोवती माणसांचा ताफा असायचा, म्हणून प्रश्न आला नाही.

आणि मग १९५७ साल. फोर्ड फेअरलेन ५०० स्कायलायनर. इथे खरी उडी आहे.

पत्र्याचं आख्खं छप्पर डिकीत जाणार, म्हणजे पोलँचीच कल्पना. पण सहा माणसांच्या भल्यामोठ्या अमेरिकन गाडीत, आणि कारखान्यातून हजारोंच्या संख्येने. मूळ काम फोर्डच्याच महागड्या कॉन्टिनेन्टल मार्क २ या गाडीसाठी सुरू झालं होतं, तिथून ते साध्या फोर्डकडे आलं. फोर्डच्या गाड्या १९५६ पासून सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्या होत्या, त्याचा इथे मोठा उपयोग झाला. क्रम बघा. डिकीचं झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर असतं, म्हणजे नेहमीच्या उलट उघडतं. आधी त्याची कुलपं सुटणार. मग झाकण उभं राहणार. मग छपराची कुलपं सुटणार. मग छप्पर उठून मागे जाणार, जाता जाता त्याची पुढची पट्टी घडी होणार, कारण आख्खं छप्पर डिकीत मावत नाही. मग झाकण खाली, पुन्हा कुलपं. एकूण चाळीस सेकंद, आणि हे सगळं एका बटणावर.

यासाठी लागलेलं सामान ऐका. तीन मोठ्या मोटरी, कुलपांसाठी चार, दहा रिले, दहा लिमिट स्विच, आठ सर्किट ब्रेकर आणि ६१० फूट वायर. कॉम्प्युटर नाही, ट्रान्झिस्टरसुद्धा नाही.

यातला माझा आवडता भाग म्हणजे ते लिमिट स्विच. लिमिट स्विच म्हणजे दुसरं काही नाही, फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लावणारा जो खटका असतो ना, तोच. झाकण पूर्ण उभं राहिलं की ते या खटक्याला टेकतं, खटका दाबला जातो, झाकणाची मोटर थांबते आणि छपराची कुलपं सोडणाऱ्या मोटरला वीज मिळते. म्हणजे प्रत्येक पायरी संपल्याची पावती पुढच्या पायरीला द्यायची. पावती नाही तर पुढचं काम नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत याला स्टेट मशीन म्हणतात, आणि कॉलेजात ते फळ्यावर गोल आणि बाण काढून शिकवतात. फोर्डच्या इंजिनियरांनी ते लोखंड आणि तांब्यात बांधलं आणि गिऱ्हाइकाच्या डिकीत बसवलं.

पण आता नवा बिघाड जन्माला आला. झाकण पूर्ण उभं आहे, तुमच्या डोळ्यांना दिसतंय. पण खटक्यावर गंज आहे, किंवा खटका बसवलेली पट्टी दोन मिलिमीटर वाकलीय, आणि झाकण त्याला टेकत नाही. यंत्राच्या दृष्टीने झाकण अजून उघडायचंय. मोटरी ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, आणि छप्पर जागचं हलत नाही. जुना मेकॅनिक मोटर काढून तपासतो, ती चांगली निघते, आणि तो डोकं खाजवतो. त्याची चूक नाही. तीस वर्षं तो ताकदीचे बिघाड शोधत आला होता.

स्कायलायनर तीन वर्षं चालली. १९५७ ते १९५९ मध्ये एकूण ४८,३९४ गाड्या. छप्पर आत गेल्यावर डिकीत सामानाला उरायची ती मधली एक पेटीएवढी जागा. महाग, जड, आणि लोकांना कौतुक वाटलं तरी विक्री दरवर्षी घसरत गेली. पण ते ज्ञान वाया गेलं नाही. फोर्डच्याच लिंकन कॉन्टिनेन्टलची चार दारांची कन्व्हर्टिबल १९६१ मध्ये आली आणि १९६७ पर्यंत टिकली. तिचं टप कापडी, पण स्कायलायनरसारखंच झाकणाखाली पूर्ण गडप होणारं. झाकणाची कुलपं मोटरींनी सुटायची, झाकण आणि टप हायड्रॉलिकने उचललं जायचं. ताकदीची जुनी पद्धत आणि पावत्यांची नवी पद्धत एकाच गाडीत, म्हणजे बिघाडही दोन्ही घराण्यांचे. सुरुवातीला जो बिघाड सांगितला, झाकण आ वासून उभं आणि टप थांबलेलं, तो या गाडीच्या मालकांना चांगला ओळखीचा.

सत्तरचं दशक भरभर सोडतो. गाड्यांत एसी आला, हायवेवरचा वेग वाढला, आणि गाडी उलटली तर उघड्या गाडीतल्या माणसाचं काय, याचे कडक नियम येणार अशी धास्ती पसरली. कंपन्यांनी उघड्या गाड्या बंद करत आणल्या. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली, लोकांनी ती जपून ठेवायला म्हणून घेतली. १९८२ मध्ये क्रायसलरच्या ली आयाकोकाने लबॅरन कन्व्हर्टिबल आणली, आणि १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकनेही पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल काढली. ‘शेवटची’ म्हणून घेतलेले काही जण चिडून कोर्टात गेले. पुढे जाऊ.

१९८९, जिनिव्हाचं प्रदर्शन. मर्सिडीजची नवी एसएल. कापडी टप, आणि या वेळी खरोखर एकच बटण. पुढचे खटकेसुद्धा हायड्रॉलिकने लागायचे. साधारण अर्धं मिनिट. गाडी उलटायला लागली तर मागून एक कमान ०.३ सेकंदांत उभी राहायची. रिलेंच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आलं. ते सगळ्या खटक्यांकडून पावत्या गोळा करतं, क्रम जुळतोय का बघतं, आणि पटलं नाही तर थांबतं.

‘पटलं नाही तर थांबतं’ हे वाक्य नीट ऐका, कारण पुढच्या तीस वर्षांतल्या अडकलेल्या टपांची निम्मी कहाणी त्यात आहे. समजा एक खटका सांगतोय टप पूर्ण बंद आहे, आणि दुसरा सांगतोय झाकण उघडं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. माणूस वळून बघेल. कंट्रोल युनिटला वळून बघता येत नाही. त्याचं जग म्हणजे तेवढे खटके. मग ते काय करेल? पुढे रेटलं तर टपाचे लोखंडी दांडे झाकणावर आपटतील, पत्रा चेपेल, कदाचित कुणाचं बोट जाईल. थांबणंच शहाणपणाचं. मी त्या जागी असतो तर प्रोग्राम असाच लिहिला असता. पावसात उभ्या असलेल्या मालकाला ते पटणार नाही हा भाग वेगळा.

पुढे पावत्यांची यादी वाढतच गेली. डिकीत सामान आणि टप यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो खाली ओढलेला आहे का? गाडी थांबलेली किंवा अगदी हळू चाललेली आहे का? बॅटरीत पुरेसा दम आहे का? डिकी नीट लागलीय का? पंप सारखा चालवून तापलाय का? काही गाड्या तर कडाक्याच्या थंडीत टप हलवायला साफ नकार देतात, कापड आणि मागची काच जपायला. यातलं एकही उत्तर ‘नाही’ आलं तर बटण दाबून काही होत नाही. जुन्या गाड्यांत धड कारणही दिसत नाही, एखादा दिवा लुकलुकतो तेवढाच.

म्हणून आजच्या टपाचा बिघाड शोधायचा तर ताकदीच्या आधी पावत्या तपासायच्या. पहिला तो डिकीतला पडदा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. मग बॅटरी, तीही इंजिन चालू ठेवून, कारण पंप भरपूर वीज खातो आणि व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट हात वर करतं. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: टप नेमकं कुठे थांबलं? थांबण्याची जागा रोज तीच असेल तर तुमचं अर्धं काम झालं. त्या जागी कोणती पायरी संपते आणि कोणता खटका दाबला जायला हवा, ते गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. तो खटका, आणि त्याच्यापर्यंत जाणारी वायर. वायर विशेष करून बिजागरीपाशी बघा. झाकण हजार वेळा उघडलं की तिथली तार आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र धड दिसतं. म्हणूनच झाकण अमुक कोनात असलं की चालतं, नाहीतर नाही, असा भुताटकीचा प्रकार होतो.

थांबण्याची जागा रोज बदलत असेल, किंवा टप उठता उठता मंदावत असेल, तर मात्र ते जुनं घराणं. ऑइल, सील, सिलिंडर. या पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत वयोमानाने सील चिकट होऊन विरघळतात. काचेच्या वरच्या चौकटीतला सिलिंडर गळायला लागला की ऑइल थेट डोक्यावर टपकतं, त्यामुळे हा बिघाड लपत नाही.

दोन गोष्टी करू नका. खटका खराब आहे असं दिसलं की काही जण दोन वायरी जोडून त्याला कायमचा ‘दाबलेला’ करतात. टप त्या वेळी चालतं. पण आता ती पावती खोटी आहे. एखाद्या दिवशी झाकण खरंच बंद असेल आणि युनिट टपाला वर ढकलेल. आणि दुसरं, अर्ध्यात अडकलेलं टप खाली आणण्यासाठी पंपावर दाब सोडणारा स्क्रू असतो, बहुतेक वेळा ॲलन कीने फिरतो. तो सैल केला की टप हाताने हलतं, पण त्याला धरून ठेवणारा दाबही जातो. दोन माणसं असल्याशिवाय आणि सांध्यांमधून हात बाहेर असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

सुटे भाग महाग का, याचंही उत्तर इतिहासात आहे. १९९६ मध्ये मर्सिडीजच्या एसएलकेने घडीचं पत्र्याचं छप्पर पुन्हा फॅशनमध्ये आणलं, २००० मध्ये पेजोने २०६ सीसी काढून पोलँचा वारसा परत घेतला, आणि मग प्रत्येक कंपनीला अशी गाडी हवी झाली. पण छपराची यंत्रणा बहुतेक कंपन्या स्वतः बनवत नव्हत्या. ती एडशा, कारमान अशा जर्मन पुरवठादारांकडून यायची, एक आख्खा संच म्हणून. २००९ च्या मंदीत आधी एडशा आणि मग कारमान, दोघांनीही दिवाळखोरी जाहीर केली. त्यांचे छपराचे विभाग दुसऱ्यांनी घेतले, काम चालू राहिलं. पण संच म्हणून बनलेली वस्तू संच म्हणूनच विकली जाते. तुम्हाला हवा असतो एक खटका, काउंटरवर मिळतो आख्खा जोड.

आता पुन्हा १९८९. जिनिव्हात एसएल आली त्याच्या महिनाभर आधी, शिकागोत, माझदाने एमएक्स-५ दाखवली. दोन सीट, कापडी टप, आणि घोडागाडीसारखं, हाताने. दोन खटके सोडा, टप मागे टाका. पुढे काही वर्षं तिची मोटरवर घडी होणाऱ्या छपराची आवृत्तीही आली, पण कापडी टपाची एमएक्स-५ आजही हातानेच उघडते, सीटवर बसल्या बसल्या, एका हाताने. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या छोट्या गाडीचं टपसुद्धा हातानेच लावायचं होतं. तिथे प्रश्न तंत्रापेक्षा किमतीचा होता, पण आज जी कुणी जपून ठेवली आहे तिच्या टपाला कंट्रोल युनिट शोधत फिरावं लागत नाही.

हातच्या टपाला बिघाड नसतात असं नाही. पहिल्या एमएक्स-५ ची मागची खिडकी प्लास्टिकची होती आणि टप घडी करण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडावी लागे. लोक कंटाळा करायचे. मग प्लास्टिकला मधोमध घडी पडायची, थंडीत तिथेच तडा जायचा, आणि पाऊस बरोबर तिथून आत यायचा. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत माझदाने तिथे काच बसवली.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी. विषय वायपर. विशेषतः थांबून थांबून चालणारा.